पवित्र भूमीची छायाचित्रे : टिपलेले आणि गाळलेले

पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्या आप्तांकडे आपण गेलो, म्हणजे चहापाणी आटोपल्यावर यार्देन नदीच्या पाण्याची कुपी येते, ऑलिव्हच्या लाकडाची रोझरी येते आणि त्यांच्या पाठोपाठ छायाचित्रे येतात. पूर्वी ती जाडजूड अल्बमात असत, आता मोबाईलच्या पडद्यावर असतात. साधन बदलले, चित्रे मात्र बदललेली नाहीत. जैतुनांच्या डोंगरावरून दिसणारे जेरुसलेम, गालील सरोवरावरची सकाळ, गेथशेमनीच्या बागेतील पिळवटलेल्या खोडांची झाडे, आणि कुठेतरी माळावर मेंढरे घेऊन चाललेला एखादा मेंढपाळ. गावोगावच्या धर्मग्रामांतून निघालेली मंडळी निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या गटांतून जातात आणि जवळजवळ एकच संग्रह घेऊन परततात. हे कसे घडते, असा प्रश्न आम्हांस अनेक वर्षे पडत आला आहे.

त्याचे सोपे उत्तर असे की, प्रेक्षणीय स्थळे तीच, म्हणून चित्रेही तीच. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. जेरुसलेम हे लाखो माणसांचे शहर आहे. तेथे बाजार आहेत, शाळा आहेत, रुग्णालये आहेत आणि सकाळच्या मिस्सेला जाणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. यांपैकी आपल्या चित्रांत काय येते? आमचे म्हणणे असे आहे की, कॅमेऱ्याची कळ आपले बोट दाबत असले तरी पाहणारा डोळा आपल्याला वारशाने मिळालेला आहे, आणि तो सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडला. तो कोणी घडवला, त्याने काय टिपले आणि काय गाळले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छायाचित्रणाची कला 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रेडरिक गूपिल-फेस्के हा फ्रेंच गृहस्थ चित्रकार ओरास व्हेर्ने यांच्यासमवेत जेरुसलेमला पोहोचला आणि त्याने त्या नगरीची प्रकाशचित्रे घेतली. नव्या यंत्राचा शोध लागल्यावर माणसाने ज्या स्थळांकडे प्रथम धाव घेतली त्यांत प्रभूची भूमी होती, ही गोष्ट आपल्याला सुखावणारी आहे. तथापि या धावण्यामागे केवळ भक्ती नव्हती. युरोपात त्या काळी बायबलच्या ऐतिहासिकतेविषयी शंका घेतल्या जात होत्या. 1835 साली डेव्हिड स्ट्राउस यांचा येशूचरित्रावरील टीकाग्रंथ जर्मनीत निघाला होता, आणि भूगर्भशास्त्र पृथ्वीचे वय वाढवीत चालले होते. श्रद्धावंतांना पुरावा हवा होता, आणि कॅमेरा हा खोटे न बोलणारा साक्षीदार आहे अशी सर्वांची समजूत होती.

ऑग्युस्त साल्झमान यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दे सोल्सी नावाच्या फ्रेंच पुराविदाने जेरुसलेमच्या काही बांधकामांचा काळ फार मागे, थेट यहुदी राजांपर्यंत नेला होता. त्यावर वाद माजला. तेव्हा 1854 साली साल्झमान कॅमेरा घेऊन निघाले आणि त्यांनी त्या भिंतींची, दारांची, थडग्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचा 'जेरुसलेम' हा संग्रह 1856 साली प्रसिद्ध झाला. आज ही चित्रे पाहताना मन थक्क होते. भिंतीच्या अगदी निकट उभे राहून घेतलेला एकेक चिरा, त्यावरील छिन्नीचे घाव, सांध्यांतून उगवलेले गवत आणि तिरप्या उन्हाने उठून दिसणारा दगडाचा खरखरीतपणा. दगडाला इतक्या आदराने पाहणारी चित्रे त्यापूर्वी कोणी घेतली नसावीत. आणि तरीही ज्या कामासाठी ती घेतली ते काम त्यांच्याकडून झाले नाही. दे सोल्सी यांचे पुष्कळसे तर्क पुढील संशोधनात टिकले नाहीत. छायाचित्र दगड दाखवते, दगडाचे वय सांगत नाही. येथे आम्हांस संत थोमाची आठवण होते. त्याने जखमांत बोट घालून पाहण्याचा हट्ट धरला. प्रभूने त्याला झिडकारले नाही, परंतु न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना अधिक भाग्यवान ठरवले. साल्झमान यांची चित्रे पुरावा म्हणून हरली आणि कला म्हणून जिंकली, यात त्या शुभवर्तमानी प्रसंगाचाच एक दूरचा पडसाद आम्हांला ऐकू येतो.

त्यानंतरचे मोठे नाव फ्रान्सिस फ्रिथ यांचे. हे इंग्रज गृहस्थ क्वेकर पंथाचे. 1856 ते 1860 या काळात त्यांनी इजिप्त, पॅलेस्टाईन व आसपासच्या प्रदेशांत तीन दौरे केले. त्यांनी सोसलेले कष्ट आजच्या यात्रेकरूच्या कल्पनेपलीकडचे आहेत. त्या काळच्या पद्धतीनुसार काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावा लागे, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगेच बाहेर काढून धुवावी लागे. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी काळोखी खोली जवळच हवी. फ्रिथ यांनी ती कधी तंबूत केली, तर कधी प्राचीन थडग्यांत. वाळवंटाच्या उष्म्यात कलोडियन उकळू लागे, धूळ काचेवर बसे. अशा स्थितीत त्यांनी हातभर लांबीच्या मोठ्या काचांवरही निर्दोष चित्रे घेतली. 1862-63 च्या सुमारास त्यांच्या चित्रांनी सजलेली बायबलची एक भव्य आवृत्ती ब्रिटनमध्ये निघाली. चित्रकाराच्या कल्पनेऐवजी प्रत्यक्ष भूमीचे छायाचित्र पवित्र वचनांच्या शेजारी बसले.

फ्रिथ यांच्या कारागिरीविषयी दुमत नाही. त्यांचे अवकाशाचे भान, सावल्यांचा उपयोग आणि मोठ्या वास्तूसमोर एखादी लहान मानवी आकृती उभी करून प्रमाण दाखवण्याची युक्ती यांपासून आजचा छायाचित्रकारही शिकू शकेल. परंतु ही चित्रे ओळीने पाहात गेले की मनाला एक गोष्ट टोचू लागते. हे शहर रिकामे आहे. रस्ते आहेत, माणसे नाहीत. क्वचित कोणी दिसलाच तर तो मोजपट्टीसारखा उभा आहे.

याचे एक तांत्रिक कारण आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. चालता माणूस चित्रात धुरकट होई किंवा पुसून जाई. परंतु 1880 नंतर कोरड्या काचा सर्रास झाल्या, चित्र क्षणात घेता येऊ लागले, आणि तरीही विक्रीस निघालेल्या चित्रांतून ओसाड टेकड्या आणि निर्मनुष्य भग्नावशेष यांचे प्राबल्य कमी झाले नाही. यंत्राची मर्यादा संपली तरी अभिरुची उरली. बायबलचा वाचक आपल्या मनातील प्राचीन भूमी शोधत होता, आणि जिवंत माणसे त्या शोधात अडथळा ठरत होती.

याच काळातील एक वेगळे काम येथे नमूद केले पाहिजे. 1864-65 मध्ये ब्रिटिश लष्करी अभियंत्यांनी चार्ल्स विल्सन यांच्या नेतृत्वाखाली जेरुसलेमची मोजणी केली. सार्जंट जेम्स मॅक्डोनाल्ड यांनी त्या वेळी छायाचित्रे घेतली. शहराचा पाणीपुरवठा सुधारावा हा या मोजणीमागचा एक हेतू होता, आणि त्यासाठी अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर बाईंनी पैसे दिले होते. प्रभूच्या नगरीत राहणाऱ्यांना प्यायला स्वच्छ पाणी मिळते की नाही, या प्रश्नातून निघालेली ही चित्रे आहेत. ती यात्रेकरूंच्या दिवाणखान्यात फारशी पोहोचली नाहीत, हे सांगावयास नकोच.

आता आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. यात्रेहून परतलेले किती तरी भाविक आमच्यापाशी हळूच एक कबुली देतात. गालील सरोवरापाशी मन भरून आले, पण पवित्र कबरीच्या मंदिरात मात्र निराशा झाली. तेथे अंधार, धूप, काजळी, धक्काबुक्की. एका छपराखाली अनेक पंथांच्या उपासना. आणि गुळगुळीत संगमरवराखाली झाकलेला खडक. कालवारीची टेकडी कुठे, हे विचारावे लागते. ही निराशा प्रामाणिक आहे. पण ती कोठून आली? आमच्या मते तिचे एक उगमस्थान या छायाचित्रांत आहे.

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक प्रभावी इंग्रज व अमेरिकन छायाचित्रकार, प्रवासी आणि प्रकाशक प्रॉटेस्टंट परंपरेतले होते. दिवे, मूर्ती, धूप, अवशेषांची पूजा यांविषयी त्यांना मनातून अढी होती. त्यांना प्रभू मोकळ्या आकाशाखाली भेटत असे. 1883 साली जनरल गॉर्डन यांनी शहराच्या भिंतीबाहेरील एका टेकडीला कालवारी मानले, आणि तिच्या पायथ्याची बाग व कबर अनेकांना अधिक पटली, याचे कारण पुराव्यापेक्षा तेथील शांतता असावी असे आम्हांस वाटते. ती जागा बायबलच्या चित्रासारखी दिसते. उलट पवित्र कबरीचे मंदिर चौथ्या शतकापासूनच्या प्रार्थनेने झिजलेले, पडलेले, पुन्हा उभारलेले आहे. 1927 च्या भूकंपाने त्याला हादरे दिले, 1947 साली कबरीवरील देवळीला लोखंडी तुळयांनी आवळावे लागले, आणि 2016-17 मध्ये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या सहमतीने तिची दुरुस्ती झाली तेव्हा कुठे त्या तुळया निघाल्या. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला ती काजळी घाण वाटणार नाही. ती भक्तांच्या दिव्यांची आहे. आपण कॅथलिक भाविक यात्रेला जातो, पण पाहण्याची अपेक्षा मात्र क्वेकर छायाचित्रकाराकडून उसनी घेऊन जातो.

त्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर, दरवाजाच्या वरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी टेकवून ठेवलेली आहे. अठराव्या शतकातील कोरीव चित्रातही ती दिसते आणि एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांतही. मंदिरातील निरनिराळ्या पंथांचे हक्क 'जैसे थे' राखण्याच्या तुर्की फर्मानांमुळे ती कोणी हलवू शकत नाही. जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवली की भोवतालच्या माणसांचे वेष बदललेले दिसतात, शिडी जागच्या जागी. ख्रिस्तसभेच्या फुटीची इतकी साधी आणि इतकी लाजिरवाणी प्रतिमा दुसरी नसेल. छायाचित्रकाराने ती मुद्दाम टिपली नव्हती. ती आपोआप आली. कॅमेऱ्याचा खरा गुण हाच. घेणाऱ्याच्या मनात नसलेले सत्यही तो कधीकधी पकडतो.

येथे आपल्याच परंपरेतील एका जुन्या उपायाची आठवण करून द्यावीशी वाटते. पवित्र स्थळांची राखण फ्रान्सिस्कन बंधू मध्ययुगापासून करीत आले आहेत. ज्यांना जेरुसलेमला जाणे शक्य नाही अशा गोरगरिबांसाठी त्यांनी क्रूसाच्या वाटेची भक्ती गावोगाव नेली. 1731 साली पोप बारावे क्लेमेंट यांनी तिचे चौदा टप्पे निश्चित केले. आपल्या प्रत्येक चर्चच्या भिंतीवर ती चौदा चित्रे आहेत. दूरच्या स्थळाला घरी आणण्याचा हाही प्रकारच आहे. पण त्यात आणि छायाचित्रांत एक भेद आहे. क्रूसाच्या वाटेवर आपण चित्रासमोर थांबतो, गुडघे टेकतो, उठतो, पुढे चालतो. चित्र आपल्याकडून काही मागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत 'स्टिरिओस्कोप' या दुहेरी भिंगाच्या यंत्रातून पवित्र भूमीची शंभर स्थळे पाहण्याचा संच निघाला, सोबत नकाशे आणि जेसी हर्लबट यांचे मार्गदर्शक पुस्तक. डोळ्यांना भिंगे लावली की खोलीसह दृश्य उभे राही, आणि खुर्चीत बसून तीर्थयात्रा घडे. त्या यात्रेत गुडघे दुखत नसत. आजचा मोबाईल त्या खुर्चीचाच वंशज आहे.

रिकाम्या भूमीनंतर दुसरा प्रकार वेषधारी माणसांचा. फेलिक्स बाँफिस हे फ्रेंच गृहस्थ 1867 मध्ये पत्नी लिदी आणि मुलांसह बैरुतला स्थायिक झाले आणि त्यांनी चित्रांचा मोठा व्यवसाय उभारला. स्थळांच्या जोडीला त्यांनी माणसांचे 'नमुने' विकले. बेथलेहेमची स्त्री, मेंढपाळ, पाणी वाहणारी मुलगी. शेतात धान्य वेचणारी रूथ, विहिरीवरची शोमरोनी स्त्री असे बायबलमधील प्रसंग स्थानिक लोकांना उभे करून रचण्याची पद्धत या काळात पडली. जेरुसलेममधील 'अमेरिकन कॉलनी' या ख्रिस्ती वसाहतीनेही, 1898 साली जर्मन कैसरच्या भेटीच्या सुमारास, छायाचित्रांचे खाते सुरू केले. तेथे एरिक मॅट्सन आदींनी केलेले काम प्रचंड आहे. त्यांच्या वीस हजारांहून अधिक मूळ काचा व फिल्मा अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांत टोळधाडीची, युद्धाची, भूकंपाची बातमीदाराच्या निष्ठेने घेतलेली चित्रे आहेत, आणि मेंढपाळाच्या स्तोत्रावर बेतलेली, उभी करून घेतलेली गोड चित्रमालिकाही आहे. यात्रेकरूंनी दुसरीच अधिक उचलली.

याबाबतीत आम्हीही निर्दोष नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे अशीच चित्रे मुलांना दाखवली. मेंढपाळाचे चित्र दाखवून आम्ही सांगत असू, "अब्राहामाच्या काळी माणसे अशी दिसत, तेथे काही बदललेले नाही." एका रविवारी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, ह्या माणसाचे नाव काय?" आम्ही म्हटले, "नाव नाही, तो मेंढपाळ आहे." त्यावर तो म्हणाला, "पण सर, फोटो काढला म्हणजे तो कोणीतरी असेल ना?" वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली, आणि हा लेख हे त्या उत्तराचेच रूप आहे.

कोणी म्हणेल, यात बिघडले काय? भक्तिचित्रे सदैव कल्पनेनेच निघतात. इटलीच्या चित्रकारांनी मरियामातेला इटालियन वेष दिला. आपण नाताळचा गोठा करतो तेव्हा त्यात भाताचा पेंढा असतो, केळीचे खांब असतात, विहिरीवरचा रहाटसुद्धा असतो. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण गोठ्याला कोणी बेथलेहेमचा पुरावा मानत नाही. तो आपले गाव प्रभूला अर्पण करतो, हे लहान मूलही जाणते. उभे करून घेतलेले छायाचित्र मात्र कल्पना असून पुराव्याचा आव आणते. शिवाय गोठ्यातल्या मातीच्या मेंढपाळाला घरदार नाही; छायाचित्रातल्या माणसाला ते होते. त्याचा काळ काढून घेऊन आपण त्याला अब्राहामाच्या काळात ढकलले. ज्या स्त्रिया मरियामातेच्या चित्रांसाठी आदर्श मानल्या गेल्या, त्या बेथलेहेमच्या स्त्रिया बहुशः ख्रिस्ती होत्या. नाणी लावलेली त्यांची 'शातवे' ही उंच टोपी विवाहितेचा अलंकार होती. चित्राखाली 'बेथलेहेमची स्त्री' एवढेच छापले गेले. आपल्या आजीचे लुगडे आणि गळ्यातली पोत पाहून कोणी खाली 'कोकणी नमुना' असे लिहिले असते, तर आपल्याला काय वाटले असते?

सुदैवाने दुसराही इतिहास आहे, आणि तो आपल्याला फारसा कोणी सांगितला नाही. 1860 च्या सुमारास जेरुसलेमच्या संत याकोबाच्या आर्मेनियन मठात येसाई गाराबेदियान या धर्मगुरूंनी तरुणांना छायाचित्रण शिकवण्यास प्रारंभ केला. पुढे ते आर्मेनियन कुलगुरू झाले. त्यांच्या शिष्यांपैकी गाराबेद क्रिकोरियान यांनी याफा रस्त्यावर दुकान थाटले. त्यांच्याकडे शिकलेले खलील राद हे अरब छायाचित्रकार पुढे समोरच स्वतःचे दुकान काढून बसले. गुरुशिष्यांत स्पर्धा लागली, आणि अखेर क्रिकोरियान यांच्या मुलाचा विवाह राद यांच्या पुतणीशी होऊन तिढा सुटला. राद यांनीही यात्रेकरूंसाठी बायबलचे देखावे रचले, हे खरे. बाजार कोणाला चुकला आहे? पण त्यांनी शाळा टिपल्या, सुगी टिपली, संत्र्यांच्या बागा टिपल्या. 1948 च्या युद्धात त्यांचे दुकान बंद पडले. वाचलेल्या शेकडो काचा आज त्या समाजाच्या गतजीवनाची साक्ष आहेत.

आम्हांला सर्वांत जवळची वाटते ती करीमे अब्बूद. 1893 साली बेथलेहेममध्ये जन्मलेली ही लुथरन धर्मगुरूची कन्या. वडिलांनी दिलेल्या कॅमेऱ्याने तिने प्रारंभी घरची आणि मित्रपरिवाराची चित्रे घेतली आणि पुढे तोच व्यवसाय केला. त्या काळच्या रीतीत अनेक स्त्रिया परपुरुष छायाचित्रकारासमोर बसत नसत. करीमे त्यांच्या घरी जाऊ शके. 1940 साली ती वारली. दीर्घकाळ विस्मरणात गेलेली तिची चित्रे चालू शतकात पुन्हा उजेडात आली आहेत. त्यांत काय आहे? आईच्या मांडीवरचे बाळ, नव्या कपड्यांत अवघडून उभी असलेली भावंडे, खुर्चीवर बसलेली आजी आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेली नात. चित्रकर्तीला ही माणसे नावाने ठाऊक होती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसते. ती कॅमेऱ्याकडे पाहताना ओळखीच्या बाईकडे पाहात आहेत. कलादृष्ट्या फ्रिथ यांची चित्रे अधिक भव्य, साल्झमान यांची अधिक गहन. पण प्रभूच्या गावात माणसे राहतात, हे सत्य आम्हांला करीमेने सांगितले. तिची चित्रे पाहताना आपल्या घरच्या अल्बमातील पहिल्या कम्युनियनची, लग्नांची चित्रे आठवली नाहीत तर नवल.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा या बाबतीत आपल्याला साहाय्यक ठरावी. गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' असो की पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई', आपल्या चांगल्या प्रवासलेखकांनी स्थळापेक्षा माणसे अधिक पाहिली. आपल्या समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच भूमीवर लिहिले तेव्हा पुस्तकाचे नाव 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' असे ठेवले. यात्रा या शब्दाला संघर्ष जोडण्याचे धैर्य या नावात आहे. फादर 2024 साली आपल्यातून गेले. छायाचित्रांनी जे गाळले ते मराठी गद्याने भरून काढावे, हा त्यांनी घालून दिलेला मार्ग आमच्या लेखकांनी सोडू नये. इस्रायलमध्ये आपली मराठी बोलणारे बेने इस्रायली राहतात. आमच्या किती यात्रेकरूंनी त्यांच्यापैकी एकाशी तरी मायबोलीत दोन शब्द बोलून पाहिले असतील?

हा सारा प्रपंच केवळ रसिकतेसाठी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेथलेहेममध्ये बहुसंख्य असलेले ख्रिस्ती आज तेथे अल्पसंख्य आहेत. युद्धे, निर्बंध, बेकारी यांमुळे कुटुंबेच्या कुटुंबे परदेशी गेली. पिढ्यान्‌पिढ्या ऑलिव्हचे लाकूड आणि शिंपले कोरून रोझरी, क्रूस, गोठे घडवणारे हे लोक. त्यांच्या हातचा मणी आपल्या हाती असतो, आणि त्यांचा चेहरा आपल्या अल्बमात नसतो. रिकामी भूमी पाहण्याची सवय झालेल्या डोळ्याला भूमी खरोखरच रिकामी होऊ लागली तरी ते जाणवत नाही. हा त्या वारशाचा खरा धोका आहे.

2023 च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले. त्या वर्षी बेथलेहेमचा सार्वजनिक नाताळसोहळा रद्द झाला. तेथील लुथरन चर्चमध्ये, म्हणजे करीमेच्या वडिलांच्या पंथाच्या मंडळीत, बाळ येशूची मूर्ती सिमेंटच्या ढिगाऱ्यात ठेवून गोठा केला गेला. त्याचे छायाचित्र जगभर गेले. तोही रचलेलाच देखावा. मात्र तो तेथल्याच माणसांनी, स्वतःच्या काळाविषयी बोलण्यासाठी रचला होता. दीडशे वर्षे परक्यांसाठी अब्राहामाच्या काळात उभे राहिलेले बेथलेहेम त्या चित्रात आपल्या स्वतःच्या वर्षात उभे राहिले. गाझातील आपल्या कॅथलिक धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज सायंकाळी दूरध्वनी करीत, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो क्रम त्यांनी राखला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या चर्चवर मारा होऊन माणसे मृत्युमुखी पडली. पोपमहोदयांनी त्या धर्मग्रामाचे छायाचित्र मागितले नाही. ते आज काय जेवलात, असे विचारत.

मग आम्ही यात्रेत छायाचित्रे घेऊ नयेत काय? अवश्य घ्यावीत. गालीलचा सूर्योदय सुंदर आहे आणि सौंदर्य ही देवाची देणगी आहे. पण पुन्हा कधी शांततेच्या दिवसांत तेथे जाणे घडले, तर एखाद्या सकाळी गटाबरोबरची खास मिस्सा सोडून तेथल्या धर्मग्रामाच्या मिस्सेला जावे. भाषा कळणार नाही, प्रार्थनेच्या जागा कळतील. मिस्सा संपल्यावर अंगणात उभ्या असलेल्या एखाद्या कुटुंबाला नाव विचारावे, आपले सांगावे, आणि त्यांची परवानगी घेऊन एक छायाचित्र घ्यावे. घरी आल्यावर ते नाव त्याखाली लिहावे. रिकाम्या कबरीपाशी रडत उभी राहिलेली मरिया माग्दालेना प्रभूला पाहूनही ओळखू शकली नव्हती. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखले.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याची भेट झाली तर आम्ही त्याला करीमेने घेतलेले एक चित्र दाखवू, आणि सांगू की तुझे बरोबर होते. तो कोणीतरी होता.